बिनकामाचा डोंगर

खरपाडी गावाच्या उशाला ढवळ्या डोंगर आहे आणि त्याच्यावर बिनकामाचं कोणी चढत नाही. गावाने डोंगराला चार कामं नेमून दिली आहेत: लाकडं, करवंदं, चुकलेलं जनावर आणि माथ्याच्या आईचा नवस. यांतलं एखादं काम असेल तर माणूस पहाटे जाऊ दे नाहीतर भर उन्हात, कोणी हूं की चूं करत नाही. पण कामाशिवाय चढणं आणि तसंच उतरणं, हे किन्हवलीपासून इकडे कुठल्याच गावात शहाण्या माणसाचं लक्षण मानत नाहीत.

शनिवार-रविवारी मुंबईची मंडळी पाठीवर बोजे बांधून येतात, हे खरं. ती धापा टाकत माथ्यावर जातात, तिथे डबे उघडून खातात आणि रिकाम्या हातांनी खाली येतात. एवढी चढण चढून येताना चुलीपुरती काटकीसुद्धा आणत नाहीत, हे गावातल्या बाईजाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. या लोकांना डॉक्टरने पाठवलेलं असतं, असं तिचं पक्कं मत होतं. लडकू हा गावातला जरा जास्त फिरलेला माणूस. त्याच्या मते ती त्यांच्या ऑफिसातली शिक्षा होती. काही असो, गावाला त्यांची कीव यायची आणि बाईजा त्यांना ताक द्यायची.

अशा गावात चाळीस वर्षं काढून धाऊ विशेने २००१ सालच्या मे महिन्यात पोरीला शब्द दिला, की येत्या शुक्रवारी आपण दोघं ढवळ्यावर जाऊ. कशाला, तर उगाच.

शब्द नाइलाजाने दिला होता. धाऊ मुरबाडच्या एमआयडीसीत प्लास्टिकच्या बादल्या काढणाऱ्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला होता, सुट्टी शुक्रवारची. सकाळी मनस्वी शाळेला जायची तेव्हा तो झोपलेला असायचा, आणि तो घरी यायचा तेव्हा ती झोपलेली असायची. एका छपराखाली राहून बापलेकीची गाठ आठवड्यातून एकदा पडायची. पाच वर्षांची असल्यापासून ती म्हणत होती, बाबा, एकदा मला घेऊन माथ्यावर चल. धाऊ पुढच्या शुक्रवारी म्हणायचा. तो शुक्रवार कधी भाताच्या रोपांसाठी राब भाजण्यात जायचा, कधी कौलं चाळण्यात, कधी कुणाच्या हळदीत. असे पुढचे शुक्रवार ढकलता ढकलता पोर चौथी पास झाली. गावातली शाळा चौथीपर्यंतच. जूनमध्ये ती शहापूरच्या वसतिगृहात पाचवीला जाणार होती. मधल्या उरलेल्या शुक्रवारी बायकोच्या, चंदाच्या माहेरची लग्नं होती आणि ती चुकवणं धाऊच्या हातात नव्हतं. म्हणजे हा एकच शुक्रवार राहिला. तो गेला की पुढची गोष्ट दिवाळीत, आणि दिवाळीपर्यंत पोर बापाला हे मागेल का, याची धाऊला खात्री वाटत नव्हती.

म्हणून जायचं तर होतंच. फक्त कोणी बघायला नको होतं.

सकाळी चहा पिऊन धाऊने आढ्याला खोचलेला कोयता काढला आणि खुंटीवरचा दोर खांद्यावर टाकला. मनस्वी दप्तर रिकामं करून त्यात भाकरी, चटणी आणि पाण्याची बाटली भरून केव्हाची दारात उभी होती. तिने दोराकडे बघितलं आणि विचारलं, हे कशाला? असू दे, धाऊ म्हणाला. चंदाला मात्र नवऱ्याची नस माहीत होती. लोकांनी विचारलं तर सरळ खरं सांगा, असं ती चुलीपाशी बसून म्हणाली. खरं काय सांगायचं, हाच तर धाऊचा प्रश्न होता. पुरता बाप्या माणूस, सुट्टीच्या दिवशी, दहा वर्षांच्या पोरीचा हात धरून डोंगरावर हवा खायला चालला, हे वाक्य त्याने रात्री अंथरुणात मनातल्या मनात म्हणून पाहिलं होतं आणि त्याचे कान तापले होते.

हापशावर बाईजा हंडा भरत होती. तिने आधी दोर बघितला, मग कोयता, मग पोरगी.

"लाकडाला चाललोय," ती काही विचारायच्या आत धाऊ म्हणाला.

हे बोलला आणि फसला. खरपाडीत लाकडं बाप्या तोडतो, पण मोळी बाई आणते. बाप्या स्वतः दोर घेऊन निघाला याचा अर्थ एकच, घरची बाई अंथरुणाला खिळली. बाईजाचा चेहरा पडला. काल संध्याकाळी चंदा धडधाकट होती, असं ती स्वतःशीच पुटपुटली, आणि अर्धा भरलेला हंडा तसाच ठेवून पेज शिजवायला घराकडे वळली. तिला थांबवायचं तर खरं सांगावं लागलं असतं, म्हणून धाऊने पाय उचलला.

माळावर लडकू बैल चारत होता. त्याच्यापुढे लाकडाची थाप चालणार नव्हती. त्याची बायको आठ दिवस त्याला मोळीवरून टोचत होती आणि हा माणूस या विषयात नको इतका मुरलेला होता. धाऊने दोर पुढे केला आणि कालवड सकाळपासून दिसत नाही असं सांगितलं. लडकू असा गडी, की स्वतःच्या घरचं काम निघालं की त्याची कंबर धरते, पण गावात कुणाचं काही हरवलं की अंगात वारं शिरतं. त्याने बैल सोडले, शीळ घालून पलीकडच्या शेतातले दोघं बोलावले आणि कालवड ओढ्यालाच गेली असणार, चल, असं म्हणून धाऊचा दंड धरला. तुमी ओढा बघा, मी वर बघतो, असं सांगून धाऊने कसाबसा दंड सोडवून घेतला. तिघंही कालवडीला हाका मारत ओढ्याकडे पळाले.

"बाबा, आपली कालवड गोठ्यात हाय," मनस्वी म्हणाली.

धाऊ म्हणाला, ठाऊक आहे. मग ते काय शोधतायत, तिने विचारलं. धाऊने दोर आणि कोयता करवंदीच्या जाळीत खुपसला आणि चाल म्हणाला.

आता सगळं नीट होईल असं त्याला वाटलं. झाडी दाट होत गेली. गाव मागे राहिलं. मनस्वीने दप्तरातून वहीचा एक कागद काढला. तिने त्यावर पेन्सिलीने वीस प्रश्न लिहिले होते, आकडे घालून, समास सोडून. वाटेत विचारायचे म्हणून. एवढं कोणी आपल्यासाठी लिहून आणलं नव्हतं, आणि धाऊला आतून बरं वाटलं. माथ्यापर्यंत दीड तासाची वाट होती. वीस प्रश्नांना पुष्कळ झाली.

पण वळणावर वाघोबाचा दगड आला, आणि दगडाशेजारी ऐनाच्या सावलीत ठाकूरवाडीचा लखमा बांबूच्या कामट्या सोलत बसला होता.

वाघोबाच्या वर कोणी झाड तोडत नाही. जनावर तिथवर चढत नाही. वरच्या अंगाची करवंदं बायका काढतात, बाप्ये नाहीत. हे लखमाला माहीत होतं आणि लखमाला माहीत आहे हे धाऊला माहीत होतं. म्हातारा काही न विचारता नुसता बघत राहिला. गावाने नेमलेल्या चार कामांतलं एकच शिल्लक होतं.

"नवस हाय," धाऊ म्हणाला.

लखमाने कोयती खाली ठेवली आणि उठून उभा राहिला. ते बघून धाऊला नवसाची रीत आठवली. वाघोबापाशी चपला सोडायच्या आणि तोंड बंद करायचं, ते माथ्यावरची घंटा वाजवल्यावर उघडायचं. मध्ये एक शब्द निघाला तरी परत वाघोबापाशी येऊन पहिल्यापासून चढायचं. आणि एकट्याने जायचं नाही. मुका राहिला याला साक्षीदार लागतो. ही साक्ष लखमाच्या घराकडे त्याच्या आजापासून चालत आली होती. नवस कशाचा हे साक्षीदाराने विचारायचं नसतं. त्याने फक्त नवसवाल्याच्या चपला उचलून घ्यायच्या आणि मागे चालायचं. लखमाने दिवसाचं काम टाकलं, धाऊच्या चपला काखेत मारल्या आणि वाट दाखवली.

म्हाताऱ्याचा भलेपणा असा, की धाऊला रडावंसं वाटलं. अशा रीतीने पोरीशी बोलायला म्हणून निघालेला माणूस मुका आणि अनवाणी होऊन डोंगर चढू लागला.

कारखान्यात गमबूट घालून धाऊचे पाय शहरी झाले होते. मे महिन्यातला कातळ त्यांना ओळख दाखवेना. तो एका पायावरून दुसऱ्यावर उड्या घेत चढत होता. मनस्वीला वाटलं, बाबा गंमत करतोय, आणि ती खूश झाली. पहिला प्रश्न ती मुद्दाम ओलांडून गेली. "दोन नंबर," ती म्हणाली. "कारखान्यात तू नक्की काय करतोस?"

धाऊने हातांनी साचा, दांडा आणि बादली दाखवायचा प्रयत्न केला. तो कुणाला आशीर्वाद देतोय असं दिसलं.

"नोकरी करतो," मागून लखमा म्हणाला. नवसवाला मुका असतो; पोरीने मुकं का राहावं आणि तिला उत्तर का मिळू नये, असा त्याचा साधा विचार.

मनस्वीने ते मान्य केलं. बाबाच्या तोंडून नाही तर नाही. तीन नंबरला तिने विचारलं, साहेब ओरडतो का. साहेब आहे म्हणजे ओरडणारच, लखमाने सांगितलं. चार नंबर, बाबा माझ्याएवढा होता तेव्हा त्याला कोण व्हायचं होतं. लखमा म्हणाला, की तेव्हा असं कोणी व्हायचं नसायचं. पाचवा कालवडीच्या नावाबद्दल होता. सहावा होता, बाबा कधी रडला का.

"याचा आजा गेला तवा," लखमा म्हणाला. "मी होतो तिथं. खळ्यात बसून रडला."

धाऊ हे पोरीला कधी सांगणार नव्हता. त्याने मागे वळून बघितलं. म्हातारा पायाखालची वाट बघत चालला होता. पोरगी मात्र बापाकडे नव्याने बघू लागली आणि तिने त्याचं बोट धरलं. धाऊला वाटलं, हेही काही वाईट चाललेलं नाही. दहा प्रश्न संपले. माथ्यावरची घंटा झाडांमधून दिसायला लागली.

तेवढ्यात वरून गावातली काशी आली, डोक्यावर करवंदांची पाटी घेऊन. तिला कोणी काही सांगायची गरज पडली नाही. अनवाणी धाऊ, मागे काखेत चपला मारलेला लखमा. नवस तिने लांबूनच वाचला. कशाचा, तेही वाचलं. घरात एकच पोर, तीही मुलगी, तीही दहा वर्षांची. अशा घरचा बाप माथ्याच्या आईकडे दुसरं काय मागणार?

"बरं केलंस रे धाऊ," ती म्हणाली. "एका पोरीवर किती दिस काढणार? आता आई एक पोरगा देल." पाटीतली मूठभर करवंदं तिने मनस्वीच्या हातावर ठेवली. "भाऊ मिळल तुला गो." आणि एवढी बातमी घेऊन ती झपाझपा गावाकडे उतरली.

धाऊने तोंड उघडलं. लखमाने बोट वर केलं. धाऊच्या डोळ्यांपुढे खाली वाघोबापर्यंतची वाट आली, तापलेला कातळ आला, आणि वर घंटा तर हाकेवर दिसत होती. दहा मिनिटांचा तर प्रश्न आहे, घंटा वाजवू आणि मग पोरीला सगळं समजावून सांगू, असं त्याने स्वतःला पटवलं. गावापुढे शहाणं दिसायची त्याला इतकी सवय झाली होती, की झाडीत एकटा म्हातारा बघतोय म्हणूनही तो शहाणाच राहिला. गप्प बसला.

मनस्वीने अकरावा प्रश्न विचारला नाही. तिने कागदाची घडी घातली, घडीची घडी घातली आणि दप्तरात टाकली. वाटेवरच्या कातळावर तिने काशीची करवंदं एकेक करून ओळीने मांडली. एकही खाल्लं नाही. बापाचं बोट पुन्हा न धरता ती पुढे चालू लागली. वीसेक पावलं गेली आणि पाठमोरीच थांबली.

"मी शाळेला चालले म्हणून दुसरं मागतोस का?"

"नाय," धाऊ म्हणाला.

"बोललास," लखमा म्हणाला.

"बोललो. नवस नाय लखमादादा. लाकडं नाय का कालवड नाय. पोरीला कबूल केलेलं डोंगर चढू, म्हणून चढतोय. दुसरं कायबी काम नाय." तो पोरीच्या पाठीकडे बघत होता. "मला पोरगा नको. मला हीच पायजे, आन ही तर चालली."

मोठ्याने म्हटल्यावर ते वाक्य तेवढं भयंकर वाटलं नाही. आभाळ जागच्या जागी होतं. लखमा कातळावर टेकला. साक्षीच्या कामात त्याने मध्येच बोललेले पाहिले होते, चक्कर येऊन पडलेले पाहिले होते, एकजण नवस काय केला तेच विसरलेला पाहिला होता. पण नवसच नाही असा नवसवाला त्याच्या आजानेही पाहिला नसावा. मग मला कशाला उठवलंस, त्याने विचारलं. लाज वाटली, धाऊ म्हणाला. कशाची, असं लखमाने विचारलं.

म्हाताऱ्याने काखेतल्या चपला काढून त्याच्यापुढे ठेवल्या.

"घाल," तो म्हणाला. "बिनकामाच्या माणसानं पाय भाजून घेऊ नये. आन घंटा वाजवू नको, खाली गाव कान देऊन असतंय." आणि तो आपल्या कामट्यांकडे उतरून गेला.

घंटा वाजवू नको हे त्याने धाऊला सांगितलं होतं. मनस्वीने ते आपल्याला नाही असं धरलं. पळत जाऊन तिने दोन्ही हातांनी घंटा अशी बडवली की माथ्यावरचे पोपट उठले.

माथ्यावर वारा होता. एका अंगाला भातसा धरणाच्या पाण्याची पट्टी आणि तिच्या पलीकडे शहापूर, चुना सांडल्यासारखं. दुसऱ्या अंगाला मुरबाडकडची धुरकट हवा, आणि त्यात कारखान्याची एक चिमणी. मनस्वीने दोन्हींकडे नीट बघून घेतलं. शाळेतल्या बाईंनी सांगितलं होतं, शहापूरवरून ढवळ्या दिसतो. तिला बघायचं होतं, ढवळ्यावरून शहापूर दिसतं का. पाच वर्षं मागत होती ते कारण वेगळं असेल. या वर्षीचं कारण हे होतं. तुझ्या कारखान्याच्या दारातून डोंगर दिसतो का, तिने विचारलं. धाऊ तिथे अकरा वर्षं जात होता आणि त्याने कधी मान वर करून बघितलं नव्हतं. उद्या बघतो, तो म्हणाला.

त्यांनी भाकरी खाल्ली आणि प्रश्न घेतले. लखमाची उत्तरं धाऊने दुरुस्त केली, आजा गेला तेव्हाच्या रडण्याचं सोडून. वीस होईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मग धाऊने पहिला मागितला. मनस्वीने कागद पुढे केला, वाचला नाही. बारीक अक्षरात लिहिलं होतं: मी शहापूरला गेल्यावर मी गेले हे तुला कळेल का?

धाऊने तो दोनदा वाचला. पोर काही चुकीचं विचारत नव्हती. गेली चार वर्षं ती घरात असल्याचं तरी त्याला कुठे कळत होतं, असं तिला वाटणं साहजिक होतं. त्याला स्वतःचा राग आला.

"तू झोपेत गोधडी लाथाडतेस," तो म्हणाला. "रोज. कामावरून आलो का पयली ती अंगावर घालतो, मंग जेवतो."

"मला वाटायचं आई घालते."

"आई घोरत असते."

मनस्वी इतकी हसली की तिला पाणी पाजावं लागलं. कागद तिने बापालाच देऊन टाकला.

उतरून घरी आले तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. चंदाला बाईजाने सक्तीने बाजेवर आडवी केली होती आणि ती वाटीने पेज पाजत होती. दावणीला एक अनोळखी तांबडी कालवड बांधलेली होती आणि तिच्याशेजारी लडकू घाम पुसत उभा होता. दोन बायका हळदकुंकवाची तबकं घेऊन आल्या होत्या, कारण घंटा सगळ्या गावाने ऐकली होती आणि पाठोपाठ काशी बातमी घेऊन पोचली होती.

धाऊला वाटलं होतं, तीन ठिकाणी तीन थापा मारल्या, आता गाव पकडणार. गावाने तिन्ही थापा जोडून एक सुरेख गोष्ट केली होती. घरची बाई अंथरुणाला, नवरा नवसाला, नवस पोराचा. म्हणजे चंदाला दिवस गेलेले आहेत. हरवलेली कालवड त्याच दिवशी सापडली, म्हणजे आईने कौल दिला. धाऊची स्वतःची कालवड गोठ्यातून मान काढून हा सोहळा बघत होती. पण त्यानेही गोष्टीला बाधा आली नाही. आईने एकीच्या दोन केल्या, असं लडकू म्हणाला, आणि शोधायला तोच गेला असल्याने त्यातला थोडा मान त्याच्याकडेही आला.

"लोकांना काय सांगितलंत तुमी?" चंदाने बाजेवरून विचारलं.

मनस्वीने पहिल्यापासून सगळं सांगितलं, ओळीने. चंदाला हसू आवरेना. बाईजाने तेही पोटुशीचं लक्षण म्हणून घेतलं. मग धाऊ पुढे झाला. वर एकदा म्हणून झालं होतं, त्यामुळे दुसऱ्यांदा जीभ तितकी जड गेली नाही.

"चंदा धड हाय. कालवड हरवली नव्हती. नवस नाय. पोरीबरोबर फिराला गेलतो, बस."

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं, मग एकमेकांकडे. थापा एकमेकींत किती छान बसत होत्या. हे मात्र कशातच बसेना. शेवटी लडकूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि समजुतीने म्हणाला, "सांगायचं नसंल तर नको सांगू."

संध्याकाळी शेजारच्या गावचा माणूस काठी घेऊन आला आणि शिव्या देत आपली कालवड घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी चंदाने डोक्यावर दोन हंडे घेऊन हापशावरून फेरी मारली, मुद्दाम, सगळ्यांच्या दारांवरून. गोष्ट कोसळली. पण गाव हार मानणारं नव्हतं. लाकडं नाहीत, जनावर नाही, नवस नाही, आणि माणूस माथ्यावर तीन तास होता. म्हणजे त्याला तिथे काहीतरी घावलं आहे. कुणी म्हणालं पुरलेला जुना हंडा. कुणी म्हणालं, मुरबाडच्या कंपन्या आता डोंगरावर येणार आणि कारखान्यातल्या माणसाला ते आधी कळलं. आणि बघायला जायचं तर चार जुन्या कामांपैकी कशाचंही नाव घेण्यात आता अर्थ नव्हता. धाऊने वापरलेलं निमित्त मात्र नवं होतं आणि फुकट होतं.

रविवारी सकाळी पाच बाप पाच पोरांना धरून ढवळ्यावर निघाले. प्रत्येकाच्या खांद्यावर दोर आणि कमरेला कोयता, आणि प्रत्येकजण पुढच्याला सांगत होता, पोराबरोबर फिराला चाललोय. लडकूने आपली रुपाली घेतली होती. ती कितवीत आहे हे त्याला वाटेत तिलाच विचारावं लागलं. त्यांनी घंटेखालची माती उकरली, दगड उलटे केले, आणि कातळावर ओळीने मांडलेली वाळकी करवंदं सापडली तेव्हा लडकूने ती खुणेची असतील म्हणून मोजून ठेवली. काही घावलं नाही. चौघं बाप चिडून भराभर उतरून आले. लडकू आणि रुपाली मात्र दुपार कलल्यावर आले. तो पारावर टेकला, तेव्हा सगळ्यांनी विचारलं काय मिळालं. काय नाय, तो म्हणाला, आणि कुणाशी न बोलता घरी गेला. त्याला मिळालं, याबद्दल गावाची आता खात्री झाली.

पुढच्या रविवारी धाऊ दारात दात घासत उभा होता आणि मनस्वी पायरीवर बसून वसतिगृहाच्या ट्रंकेवर आपलं नाव रंगवत होती. समोरून लडकू चालला होता. बरोबर रुपाली, तिच्या हातात वहीचा कागद. लडकूच्या खांद्यावर दोर नव्हता आणि कमरेला कोयताही नव्हता. धाऊला बघून त्याची पावलं अडखळली.

"कुठं रे?" धाऊने विचारलं.

लडकूने आधी डोंगराकडे बघितलं, मग जमिनीकडे.

"कालवड दिसत नाय सकाळपासून," तो म्हणाला.

लडकूकडे दोन बैलांशिवाय दुसरं जनावर नव्हतं. मनस्वीने ब्रश थांबवून बापाकडे बघितलं. धाऊने चूळ भरली.

"ओढ्याला नसंल," तो म्हणाला. "वरच बघ. आन चपला सोडू नको."